कुलनायक आणि त्याची कुळे

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागराच्या तोंडावर, बॅरा नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याच्या दक्षिणेकडील उपसागरात, भर पाण्यातील खडकावर, किसिमुल नावाचा मध्ययुगीन किल्ला उभा आहे. २००० साली हा किल्ला त्याच्या मालकाने प्राचीन वास्तूंचे जतन करणाऱ्या सरकारी यंत्रणेस एक हजार वर्षांच्या पट्ट्याने दिला. वार्षिक भाडे ठरले एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. या भाड्याला हसण्यापूर्वी ते घेणारा कोण, हे पाहणे उचित ठरेल. हे गृहस्थ म्हणजे इयन मॅक्नील. अमेरिकन विद्यापीठांत कराराचा कायदा शिकविणारे नामवंत प्राध्यापक आणि त्याच वेळी मॅक्नील क्लॅनचे शेहेचाळिसावे वंशपरंपरागत नायक! करार म्हणजे एका क्षणाची देवघेव नव्हे, तो दीर्घकालीन संबंधांच्या जाळ्यातच समजून घ्यावा लागतो, हा सिद्धान्त त्यांनीच मांडला. त्यांच्या पूर्वजांनी आपल्या लोकांशी केलेले व्यवहार तपासले, तर या सिद्धान्ताला याहून कटू उदाहरण सापडणे कठीण आहे.

'क्लॅन' हा शब्द गेलिक भाषेतील. त्याचा मूळ अर्थ लेकरे. नायक हा साऱ्यांचा पिता आणि बाकीचे त्याचे वंशज, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात सगळेच रक्ताचे नातेवाईक नसत. आश्रयाला आलेले, शेजारचे, जिंकलेले असे अनेक जण नायकाचेच आडनाव लावीत. नायकाचे वैभव तो किती तलवारी उभ्या करू शकतो यावर मोजले जाई आणि म्हणून आपल्या मुलखात जास्तीत जास्त माणसे नांदविणे हे त्याच्या हिताचे होते. त्या बदल्यात पिढ्यानपिढ्या कसलेल्या भूमीवर राहण्याचा आपल्याला हक्क आहे, असे लोक मानीत. या हक्काला गेलिकमध्ये नाव होते, पण तो कोणत्याही दप्तरात नोंदलेला नव्हता. दप्तरात होते ते फक्त नायकाचे नाव.

१७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर स्टुअर्ट पक्षाच्या बंडाचा शेवट झाला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने नायकांचे वतनी न्यायाधिकार रद्द करण्याचा कायदा मंजूर केला. ज्यांचे अधिकार गेले त्यांना भरपाई मिळाली. जमिनीला मात्र हात लागला नाही, आणि येथेच खरी मेख आहे. तलवारींची गरज संपली, जमीन उरली. मग माणसांपेक्षा खंडाची आणि पुढे खंडापेक्षाही मेंढ्यांची किंमत वाढू लागली. मराठीत 'कूळ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो: एक वंश आणि दुसरा दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. क्लॅनच्या सामान्य माणसाचा प्रवास शंभर वर्षांच्या आत पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झाला, आणि तेथून थेट जहाजावर.

बॅराची कथा या दृष्टीने बोलकी आहे. समुद्रशेवाळ जाळून मिळणारी क्षारयुक्त राख काच व साबण यांच्या कारखान्यांना लागे. नेपोलियनच्या युद्धांमुळे परदेशी माल येईनासा झाला, तेव्हा या राखेचे भाव गगनाला भिडले. शेवाळ गोळा करायला मजूर हवेत, म्हणून पश्चिमेकडील जमीनदारांनी देशांतराला विरोध केला. प्रवासी जहाजांवर निर्बंध घालणाऱ्या १८०३ च्या कायद्यामागे त्यांचाच रेटा होता. कारण अर्थातच प्रवाशांच्या सुरक्षिततेचे दिले गेले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. बॅराचे तत्कालीन नायक जनरल रॉडरिक मॅक्नील यांनी क्षाराचा कारखाना काढून पाहिला, ते कर्जबाजारी झाले आणि अखेर बेट कर्नल गॉर्डन या धनाढ्य जमीनदाराच्या हाती गेले. त्यानंतर बटाट्यावरील रोगाने उपासमार आली. १८५१ साली बॅरा व शेजारचे साउथ युइस्ट येथील दीड हजारांहून अधिक माणसे कॅनडाला रवाना करण्यात आली. कित्येकांना पकडून जहाजावर चढवावे लागले. काल ज्यांना जाऊ दिले जात नव्हते, त्यांनाच आज राहू दिले जाईना!

हा दोष केवळ परक्या खरेदीदारांचा होता असे म्हणावे, तर ग्लेनगॅरीच्या मॅक्डॉनेल नायकाचे काय करायचे? रेबर्नने काढलेले त्याचे तैलचित्र प्रसिद्ध आहे. डोंगरी पोशाख, शस्त्रे, रुबाब, काही म्हणता काही कमी नाही. १८१५ साली त्याने 'खऱ्या हायलँडरां'ची एक संस्थाही स्थापन केली. याच सुमारास त्याच्या जमिनीवरून खरे हायलँडर हुसकले जात होते. त्यांच्यापूर्वी गेलेल्या भाऊबंदांनी कॅनडात वसविलेल्या प्रदेशाचे नाव त्यांनी ग्लेनगॅरी असेच ठेवले होते. माणसे गेली ती नाव घेऊन गेली.

परंतु नावाबरोबर नायकही आला तर काय होते, याचा प्रयोगही कॅनडात झाला आहे. आर्चिबाल्ड मॅक्नॅब हा क्लॅननायक सावकारांना चुकवून तेथे पोहोचला. १८२३ साली ओटावा नदीकाठी वसाहत करण्याची परवानगी त्याने सरकारकडून मिळविली आणि १८२५ साली मायदेशातून कुटुंबे आणविली. जमीन आपलीच आहे असे भासवून त्याने त्यांच्यावर धान्याच्या रूपात कायमचा खंड लादला. वसाहत सोडून बाहेर जायचे तरी त्याची अनुमती लागे. जंगल तोडून शेत करणाऱ्या माणसांना हळूहळू कळले की इतरत्र वसाहतवाल्यांना सरकार जमिनीची मालकी देते. अर्ज गेले, चौकशी झाली आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत नायकाला मुलूख सोडावा लागला. जमीन विपुल आणि सरकार जवळ असले की पितृत्वाचा दावा किती दिवस टिकतो, हे या वसाहतीने दाखवून दिले.

असे असूनही आज उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे या क्लॅनांच्या संस्था उत्साहाने चालू आहेत. उत्तर कॅरोलायनातील ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून भरणाऱ्या क्रीडामेळाव्यात क्लॅनांचे तंबू लागतात. डनव्हेगनच्या फ्लोरा मॅक्लाउड या अठ्ठाविसाव्या नायिकेने तर म्हातारपणी जगभर हिंडून अशा संस्था उभारल्या. या लोकांना वेडगळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण ज्यांच्या पणजोबांच्या हाती जमिनीचा कागद नव्हता, त्यांना आडनाव हाच एक दाखला उरला, हे विसरता येत नाही.

या दाखल्याचीही मालकी आहे, ही गंमत पाहण्यासारखी आहे. एडिंबरो येथे लॉर्ड लायन यांचे न्यायालय आहे. १६७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नोंदवहीत स्कॉटलंडमधील प्रत्येक अधिकृत कुलचिन्हाची नोंद असते आणि परवानगीवाचून चिन्ह वापरणे हा तेथे गुन्हा ठरतो. कुलचिन्ह कुळाचे नसते, एका व्यक्तीचे असते. त्या नावाचे मूळ चिन्ह, कोणताही भेद न करता, ज्याच्याकडे आहे तो नायक. टोरोंटोच्या शिक्षकाने टोपीवर लावायचा बिल्ला म्हणजे नायकाच्या चिन्हातील तुरा, भोवती पट्टा आणि बक्कल. म्हणजे मी धनी नव्हे, अनुयायी, अशी जाहीर कबुली! पण नायकपदाचा वाद कोर्टात गेला तेव्हा १९४१ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की चिन्हाचा निवाडा लायन यांचा, नायकपदावरील वाद सोडविण्याचा अधिकार त्यांना नाही. कायद्याच्या लेखी नायकाला आज कोणतीही सत्ता नाही. बहुधा म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे.

भावनेचा हिशेब जमिनीपाशी आला की मात्र अवघड होतो. मॅक्लाउडांच्या एकोणतिसाव्या नायकाने किल्ल्याच्या छपराच्या दुरुस्तीसाठी २००० साली कुलिन पर्वत एक कोटी पौंडांना विकायला काढला, तेव्हा पर्वत मुळात त्यांचा आहे काय, असा प्रश्न लोकांनी विचारला. विक्री झाली नाही. २००९ साली एडिंबरोत जगभरच्या क्लॅनांचा मेळावा भरला. आयोजन करणारी कंपनी देणी थकवून बुडाली.

बॅराचा किल्ला आणि बेटाचा मोठा भाग इयन मॅक्नील यांच्या वडिलांनी, म्हणजे अमेरिकेत वाढलेल्या एका वास्तुविशारदाने, १९३७ साली परत विकत घेतला. शेजारचे साउथ युइस्ट २००६ साली तेथील रहिवाशांच्या संस्थेने खरेदी केले. बॅरावर खरेदीची वेळ आली नाही. २००३ साली प्राध्यापक मॅक्नील यांनी आपली सुमारे ९,००० एकर कुळवहिवाटीची जमीन स्कॉटलंडच्या सरकारला देऊन टाकली. मोबदला घेतला नाही. रहिवाशांनी मागणी केल्यास ती त्यांच्या हवाली करावी, एवढीच अपेक्षा ठेवली. नायकपद त्यांनी २०१० साली निधन होईपर्यंत सांभाळले आणि मग ते मुलाकडे गेले.