पडल्यानंतर (लेखांक ६) : कालच ऑपरेशन, आज उभं राहायचं?

मागच्या आठवड्यात खुब्याच्या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार पाहिले : सळई किंवा स्क्रू घालून हाड जोडणं आणि मोडका गोळा काढून कृत्रिम गोळा बसवणं. ऑपरेशन यातलं कोणतंही असो, दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन खाटेशी येतो आणि घरच्यांचे चेहरे उतरतात. ‘अहो, कालच तर झालंय. हाड जुळून तरी येऊ द्या!’

ही समजूत वजनं लटकवून महिना-दोन महिने पाय ताणून ठेवायचे, त्या काळातली. आता सळई बसवतात तीच मुळी पायावर लवकर भार देता यावा म्हणून. (अपवाद असतात, किती भार द्यायचा ते सर्जनना विचारावं.) पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पोटरीत रक्ताची गुठळी होते, माकडहाडाशी जखम होते, मांडीतलं बळ दिवसागणिक ओसरतं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, असं अनेक देशांतले आकडे सांगतात. त्यामागे हाडापेक्षा या गोष्टी आणि आधीचे आजार जास्त असतात.

पण दुखत असताना उठायचं कसं? घोडं इथेच अडतं. आपल्याकडची म्हातारी माणसं दुखणं सांगत नाहीत. ‘दुखतंय का?’ विचारलं तर ‘सोसवतंय’ म्हणतात, कारण त्या क्षणी ती निश्चल पडलेली असतात. कूस बदलताना विचारा, खाटेच्या कडेला पाय सोडताना विचारा. शून्य ते दहा हे माप आजींना परकं वाटतं. ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ म्हटलं की उत्तर चटकन येतं, ‘बारा आणे’. स्मृतिभ्रंश असेल तर उत्तराची वाट पाहू नये. कपाळावरची आठी, कण्हणं, हात लावू न देणं हेच उत्तर.

दुसरी अडचण घरच्यांची. ‘पेनकिलर नको, किडनी खराब होते.’ भीती अर्धी खरी आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या या वयात मूत्रपिंडाला आणि जठराला खरोखरच त्रास देतात, त्यामुळे त्या शक्यतो टाळतात. पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी. वजन आणि यकृत पाहून ठरवलेल्या मात्रेत ते घड्याळाच्या काट्यावर द्यायचं असतं, दुखणं वर येण्याची वाट न पाहता. शिवाय मांडीच्या वरच्या भागात भूल देणारं इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, आता बऱ्याच ठिकाणी मिळतं. ते ऑपरेशनच्या आधीही देता येतं. ‘ब्लॉक देणार का?’ असं भूलतज्ज्ञांना जरूर विचारा.

मॉर्फिनच्या कुळातली औषधं म्हटली की सगळेच बिचकतात. त्यांनी भ्रम होतो म्हणतात. होतोही. पण २००३ साली न्यूयॉर्कमधल्या डॉ. शॉन मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी खुबा मोडलेल्या वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्यांना ही औषधं फारच कमी मिळाली होती त्यांच्यातच भ्रमाचं प्रमाण जास्त आढळलं. न शमवलेली वेदनाही डोकं बिघडवते. तेव्हा मात्रा बेताची, पण नकार सरसकट नको. सोबत बद्धकोष्ठतेवरचं औषध पहिल्या दिवसापासून. रात्री आजी ‘घरी जायचंय, गाय दोहायचीय’ म्हणू लागल्या तर घाबरून हात बांधू नका. आधी डॉक्टरांना सांगा. आणि चष्मा, कानाचं यंत्र, कवळी पिशवीतून काढून त्यांना द्या. ही तीन साधनं नसली की शहाणं माणूसही अनोळखी खोलीत हरवतं.

चालायला घेण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असावी. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पहिल्या दिवशी खाटेपासून खुर्चीपर्यंत आलात तरी पुष्कळ झालं.

घरी गेल्यावर पडल्या-पडल्याचं दुखणं हळूहळू मागे पडतं, पण चालतानाचं काही आठवडे, कधी महिने रेंगाळतं. जांघेत दुखतं, मांडीत ठणकतं, कधी गुडघाच धरतो, संध्याकाळी पाय सुजतो. सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते, वर्षभर थोडीथोडी चालू राहते. साधारण निम्म्या लोकांना पूर्वीसारखं चालता येत नाही, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. म्हणजे काठी हाती आली की माणूस खचत नाही. कृत्रिम गोळा बसवला असेल तर पाटावर बसणं, मांडी घालणं सर्जननी मुभा देईपर्यंत नको. कमोडची खुर्ची मात्र आजी घरी येण्याआधी आणून ठेवा. हातात पाण्याचा पेला देणारी सून फार प्रेमळ असते, पण आजींना उठून स्वयंपाकघरात जाऊ द्या. सुनेने मागे उभं राहावं.

काही दुखण्यांना थांबायला सांगता येत नाही. बरं चाललेलं असताना एकाएकी असह्य कळ येऊन पाय टेकवेनासा झाला, किंवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, एकच पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा ताप चढला, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

(पुढील आठवड्यात : ठिसूळ हाडांवरचं औषध आणि दुसरा खुबा)