आजारपणाचे दप्तर किती दिवस जपावे?

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण कृतघ्न माणसाला उद्देशून वापरली जाते. परंतु वृद्ध आईवडिलांच्या आजारपणाच्या कागदांच्या बाबतीत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबेही असेच वागतात. रुग्ण घरी आला की बिले, अहवाल आणि विम्याची पत्रे एका पिशवीत कोंबली जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत ती पिशवी रद्दीवाल्याकडे जाते. याउलट काही घरांत वीस वर्षांपूर्वीच्या औषधांच्या पावत्याही ट्रंकेत जपलेल्या असतात. ही दोन्ही टोके टाळावयाची असतील, तर कोणता कागद कशाचा पुरावा आहे, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

पहिला मान विमापत्राचा. प्रस्तावपत्राची प्रत, मूळ पॉलिसी आणि दर वर्षीच्या नूतनीकरणाचे कागद आईवडील हयात आहेत तोपर्यंत जपावेत. विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय हैदराबादेतच आहे. त्याच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे, आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावयास लावू शकते. विमा ५ वर्षे अखंड चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्यावाचून, ‘आजार लपविला’ या सबबीवर दावा नाकारता येत नाही. विम्याची रक्कम वाढविली असेल, तर वाढीव रकमेची ५ वर्षे निराळी मोजतात. ही अखंडता सिद्ध करणारी साखळी म्हणजे नूतनीकरणाचे कागद होत. मधल्या काळात कंपनी बदलली असेल, तर जुन्या कंपनीचे कागद अधिकच मोलाचे ठरतात. मधुमेह वा रक्तदाब प्रथम केव्हा आढळला, हे दाखविणारा अहवालही याच गठ्ठ्यात असावा.

दुसरा गठ्ठा दाव्यांचा. मूळ बिले बहुधा कंपनीकडे जातात. म्हणून ती देण्यापूर्वी प्रत्येकाची प्रत काढून ठेवावी. अर्धे पैसे मिळाले म्हणजे दावा संपला, असे नव्हे. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर तिच्या नकारापासून १ वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही; हैदराबादेत लोकपालांचे कार्यालय आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत २ वर्षांची, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दिवाणी न्यायालयाची ३ वर्षांची आहे. म्हणून कंपनीच्या शेवटच्या पत्रापासून निदान ३ वर्षे हा गठ्ठा मोडू नये. डॉक्टरांवरही दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षेच जपण्याचे बंधन आहे. पुढे ती मिळतीलच, असा भरवसा धरू नये.

आईवडिलांचा हप्ता मुलाने भरून आयकरात वजावट घेतली असेल, तर त्या पावत्या ७ वर्षे ठेवणे शहाणपणाचे. दावा पुरता मिटल्यावर औषधांच्या किरकोळ पावत्या मात्र निश्चिंतपणे फाडाव्यात. डिस्चार्ज कार्ड तेवढे राखावे, कारण पुढच्या डॉक्टरांना ते लागते.

सर्वांत मोठी चूक घडते ती मृत्यूनंतर. वियोगाच्या दुःखात घर आवरताना कागदही बाहेर जातात. वास्तविक अखेरच्या आजारपणाचा खर्च नामनिर्देशित व्यक्तीला वा वारसांना मागता येतो. म्हणून मृत्यूनंतरही ३ वर्षे, आणि वाद चालू असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, हे दप्तर राखावे.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादेच्या अनेक वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. पाणी कागदांचे मोल जाणत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे असावी आणि कोणता कागद कोठे आहे, याची यादी आईवडिलांनाही ठाऊक असावी. मुलगा दूर असताना मध्यरात्री रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर थरथरत्या हातांना ट्रंक उपसावी लागू नये, याचसाठी हा सारा खटाटोप.