स्लॅब पडायच्या आधी गाठा

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरीनं आयटीआयला दोन वर्षं वायरमनचा कोर्स केला, आता वर्ष झालं घरीच बसून आहे. कामच नाही म्हणते." मी विचारलं, गावात सध्या किती घरं बांधायला काढलीत? बायकांनी बोटांवर मोजली, सात निघाली. म्हणजे काम होतं, तिच्यापर्यंत येत नव्हतं.

वायरिंगचं काम कुणाला द्यायचं हे बहुतेक वेळा गवंडी ठरवतो. मालक त्यालाच विचारतो, "ओळखीचा कुणी आहे का?" आणि हे स्लॅबच्या आधी ठरतं, कारण छतातले पाइप आणि पंख्याचे बॉक्स सळई बांधल्यावर, काँक्रीट पडायच्या आत टाकावे लागतात. आमच्या घरी ते राहून गेलं. आता सगळ्या छतावरून पट्टी फिरवलीय, आणि मिक्सरचा सॉकेट नेमका नळाच्या वर आलाय. रोज हात पुसूनच बटण दाबते.

म्हणून मुलीनं पाया खणताना जायचं, रंग लावताना नाही. कुणाचं घर निघतंय हे सेंट्रिंगवाल्याला आणि हार्डवेअरच्या दुकानदाराला आधी कळतं. घरकुल मंजूर झालेल्यांची यादी ग्रामपंचायतीत बघायला मिळते. आणि आपल्याला एक वाट जास्तीची आहे, ती म्हणजे घरातली बाई. वायरमन मालकाशी ओसरीत बोलून निघून जातो. तुम्ही ओट्यापर्यंत जा. फ्रीज कुठे, मशीनवर शिवताना उजेड कुठून हवा, पुढे पिठाची गिरणी घ्यायचीय का, सगळं विचारा आणि भिंतीवर खडूनं खुणा करा.

दर तोंडी सांगू नका. पॉइंट मोजून कागदावर लिहा, मजुरी वेगळी, सामान वेगळं. सुरुवातीला सामान मालकालाच घेऊ द्या, नाहीतर आपला पैसा अडकतो. मजुरी तीन टप्प्यांत मागा: पाइप टाकल्यावर, तार ओढल्यावर, बोर्ड बसल्यावर. दिव्यांना दीड एमएमची तार, मिक्सर-फ्रीजच्या सॉकेटला अडीचची. अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी कागदावरून कधी खोडू देऊ नका. पैसे वाचवायला लोक पहिल्यांदा तेच कापतात.

एक अडचण मात्र खरी आहे. महावितरणच्या नव्या कनेक्शनला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. नुसत्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर तो देता येत नाही. तेव्हा वायरमनच्या परवान्याचा अर्ज करायचा, आणि तोवर अशा ठेकेदाराच्या देखरेखीखाली काम करायचं. त्याचा वाटा किती ते आधीच ठरवायचं. काम न बघता नुसती सही देणारेही भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. उद्या शॉक बसला तर त्या घरातल्या लोकांना काय सांगाल?

त्या मुलीला आम्ही तालुक्याच्या एका ठेकेदाराकडे नेलं. सातपैकी दोन घरांचे स्लॅब अजून पडायचेत. एका घरी ती कालच जाऊन आली. मालकीणबाई म्हणाल्या, गिरणीचा पॉइंट पडवीत पाहिजे.