फोनवरचं 'नाही' कुठे गेलं?



मागच्या पावसाळ्यात एका पालकांना फोन करून सांगितलं, "उद्या सुट्टी नाही." त्यांना ऐकू गेलं, "उद्या सुट्टी." दुसऱ्या दिवशी त्या वाडीवरची सगळी मुलं गैरहजर! खरखर म्हणाल तर अजिबात नव्हती, शब्दच गायब. "बाई, असं कसं होतं?" मुलांनी विचारलं.

आधी रेडिओ घेऊ. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीवर बसून येतो. वीज कडाडली की ती त्याच उंचीत भर घालते. रेडिओला दोन्ही वेगळे करता येत नाहीत, म्हणून खरखर.

साध्या 2जी जीएसएम फोनचं तसं नाही. तो आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतो आणि दर 20 मिलिसेकंदांच्या तुकड्याचे 260 बिट करतो, म्हणजे नुसते 0 आणि 1. पाठवताना लहरीची उंची तीच ठेवतो; वारंवारता किंचित वर किंवा खाली सरकवून 0-1 कळवतो. हे झालं अंकीय मॉड्युलेशन. जीएसएममधल्या प्रकाराला जीएमएसके म्हणतात. पलीकडच्या फोनला दोनातलं एकच ओळखायचं असतं, त्यामुळे थोडाफार गोंगाट आपल्या कानापर्यंत येतच नाही.

गोंगाट फार झाला तर मात्र 0 चा 1 होतो. त्यावर उपाय मला फार आवडला. सगळे बिट सारखे महत्त्वाचे नसतात! 260 पैकी 182 बिटांना जास्तीचे बिट जोडून संरक्षण देतात, 78 तसेच सोडतात. एकूण होतात 456. मग ते आठ गटांत विखरून पाठवतात.

हे वर्गात करून बघा. आठ अक्षरांची आठ वाक्यं घ्या. पहिल्या चिठ्ठीवर प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर, दुसरीवर दुसरं, असं लिहा. एक चिठ्ठी लपवा. प्रत्येक वाक्यातलं एकच अक्षर जातं, मुलं पटकन ओळखतात. एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलं असतं तर ते अख्खंच गेलं असतं.

आता आमचं 'नाही'. सर्वांत महत्त्वाच्या 50 बिटांची फोन वेगळी तपासणी करतो. तिथे चूक सापडली की तो तुकडा टाकून देतो आणि आधीचाच तुकडा पुन्हा वाजवतो. लागोपाठ तुकडे खराब आले तर आवाज हळूहळू बंद करतो. तेवढ्यात एखादा छोटा शब्द सहज जातो.

मी आता फोनवर "उद्या शाळा आहे" असंच सांगते. 'आहे' गेलं तरी चालतं.