मेमरी भरल्यावर संगणक गोठतो तेव्हा

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे असले आणि त्यात व्हिडिओ मीटिंग सुरू झाली, की रॅम काठोकाठ भरते. माउसचा बाण जागीच थबकतो, टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात. डिस्कचा दिवा मात्र अखंड लुकलुकत राहतो.

लिनक्स रॅमचा हिशेब साधारणपणे ४ केबीच्या पानांत ठेवते. प्रोग्रॅमच्या कोडची पाने डिस्कवरील फाइलमधून आलेली असतात. ती टाकून दिली तरी पुन्हा वाचता येतात. उघडे टॅब किंवा सेव्ह न केलेला मजकूर यांची दुसरी प्रत मात्र कुठेच नसते. डिस्कवर राखून ठेवलेली जागा, म्हणजे स्वॅप, नसेल तर ही पाने हलवायला जागाच उरत नाही. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रोग्रॅमचाच कोड टाकून देते आणि पुढच्याच क्षणी तो डिस्कवरून परत वाचते. संगणक गोठतो तो बहुतेकदा याच फेऱ्यात. म्हणून स्वॅप बंद केले की संगणक वेगवान होतो, हा समज सरसकट खरा नाही.

 स्वॅप असले की बराच वेळ न वापरलेली पाने तिथे जातात आणि रॅम मोकळी होते. पूर्वी त्यासाठी सहसा वेगळे पार्टिशन केले जाई. २०१७ च्या उबुंटू १७.०४ या लिनक्स आवृत्तीपासून नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये साधी स्वॅप फाइल तयार होते. ती हातानेही करता येते. टर्मिनलमध्ये ‘फॅलोकेट’ने, समजा, ४ जीबीची फाइल करायची, तिची परवानगी ६०० (फक्त मालकापुरती) ठेवायची, ‘एमकेस्वॅप’ने ती तयार करायची आणि ‘स्वॅपऑन’ने सुरू करायची. परवानगीची पायरी गाळू नये, कारण पासवर्डसारखी माहितीही या फाइलमध्ये उतरू शकते. ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये नोंद केली नाही, तर रीस्टार्टनंतर स्वॅप बंदच राहते. हायबरनेट वापरायचे असेल तर स्वॅप निदान रॅमएवढे असावे.

एसएसडी रॅमपेक्षा शेकडो पट मंद असते, जुनी हार्ड डिस्क तर त्याहून कितीतरी. कामाची पानेच सतत आत-बाहेर होऊ लागली, तर स्वॅप असूनही संगणक रखडतो. अशा वेळी झेडरॅम उपयोगी पडते: ते पाने संकुचित करून रॅममध्येच ठेवते. फेडोरा ३३ या लिनक्स आवृत्तीत, २०२० साली, ते मुळातच सुरू करून दिले गेले. मात्र रोजच्या कामातच स्वॅप भरत असेल, तर रॅम वाढवणे हाच खरा उपाय.