मैफलीबाहेरची पंगत

डिसेंबर तोंडावर आला की पुण्यात दोन चौकशा सुरू होतात. ‘यंदा सवाईला कोण कोण आहे?’ ही पहिली, चारचौघांत करायची. ‘आणि खायला काय?’ ही दुसरी, जरा आवाज उतरवून. दुसरी चौकशी करणाऱ्याकडे जाणकार तुच्छतेने बघतात आणि मग मध्यंतरात त्याच्याच पुढे रांगेत सापडतात. उघड्यावरच्या मैफलींचा इतिहास गायकांच्या नावांनी लिहिला जातो, तसा तो त्या मैफलींबाहेरच्या स्टॉलांवरूनही लिहिता येईल. या मागोव्यात एक गोष्ट ठळक दिसते. मैफलीबाहेरचं खाणं बदललं, त्याला लोकांची जीभ फारशी कारण नाही. कारण आहे गाण्याची वेळ.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर 1952 मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ गायक भीमसेन जोशींनी 1953 पासून ‘सवाई’ हा संगीत महोत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो वाढवला. रमणबागेच्या मैदानावरचे दिवस ज्यांनी अनुभवले त्यांच्या लेखी सवाई म्हणजे जागरण. रात्री सुरू झालेलं गाणं उजाडेपर्यंत चालायचं आणि शेवटच्या दिवशी सकाळी खुद्द भीमसेन सांगतेला बसायचे. भारतीय बैठकीत सतरंजी टाकून जागा धरायची, कानटोपी, शाल, पुण्याची खरी थंडी. जेवण घरीच उरकलेलं असायचं. पिशवीत थर्मास, दशम्या, कोरडी चटणी, लाडवांचा डबा. बाहेरच्या स्टॉलकडून अपेक्षा एकच, की झोप उडाली पाहिजे. त्यामुळे राज्य चहा-कॉफीचं होतं. सोबत बटाटेवडा, तोही गरम असेल तरच. मध्यरात्री कुणी पंगत मांडून जेवत नाही आणि भरल्या पोटाने विलंबित ख्याल ऐकायला बसलं तर पहिल्या आवर्तनातच मान पडते, हे श्रोत्यांना पक्कं ठाऊक होतं. पहाटेचा ललत किंवा सकाळची तोडी संपवून बाहेर पडलं, की मग पोटाची आठवण व्हायची. नारायण पेठ हाकेच्या अंतरावर. जागरणाने तारवटलेले डोळे आणि समोर मिसळ, असा तो शेवट.

हे सगळं एका नियमाने बदललं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरची बंदी ठामपणे उचलून धरली. राज्य सरकारला वर्षातले मोजके पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. त्यातला एखादा सवाईच्या वाट्याला येतो. बाकी दिवशी दहाला पडदा. तीन रात्रींत मावणारं गाणं पसरत पसरत पाच दिवसांवर गेलं आणि सुरुवात दुपारी होऊ लागली. पहाटेचे राग मंचावरून जवळजवळ हद्दपार झाले, याबद्दल बरंच लिहून झालं आहे. त्यांच्याबरोबर पहाटेचा चहाही गेला आणि त्याच्या जागी आख्खं जेवण आलं, हे मात्र कुणी नोंदवलं नाही.

हिशेब साधा आहे. दुपारी तीन-चारला सुरू होऊन दहाला संपणारी मैफल म्हणजे मधल्या वेळचं खाणं आणि रात्रीचं जेवण, दोन्ही तिच्या पोटात. नोकरदार श्रोता कचेरीतून थेट येतो. घरी पोचायला त्याला साडेदहा-अकरा होणार. मग साबुदाण्याची खिचडी, पिठलं-भाकरी, पावभाजी, थालीपीठ यांची रांगच लागली. 2018 मध्ये महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मोठ्या मैदानावर गेला आणि त्या रांगेला ऐसपैस जागा मिळाली. ‘लोक गाणं ऐकायला येतात की खायला?’ हा टोमणा याच काळात जोर धरू लागला. टोमणा मारणाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं असतं तर तो मारलाच नसता.

या स्टॉलवाल्यांचं काम एकदा निरखून बघावं. मंडपात ख्याल विलंबितात असतो तेव्हा कढईखालची आच मंद असते. पोऱ्या कांदा चिरत बसलेला. गायक द्रुतात शिरला, तबल्याची लय चढली, की वडेवाला मान वर न करता शेगडीची चावी फिरवतो. तानांचा पाऊस सुरू झाला की पहिला घाणा तेलात पडतो. टाळ्या संपून माणसं बाहेर लोटतात त्या क्षणी तो घाणा झाऱ्यावर निथळत असतो. त्याला राग ओळखता येत नसेल, पण लय कळते. पुढचा कलाकार तंबोरे जुळवेपर्यंतच्या वेळात त्याचा निम्मा धंदा उरकायचा असतो.

याच्या अगदी उलट व्यवहार त्याच शहरात 2010 पासून दिसू लागला. त्या वर्षी कोरेगाव पार्कात एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला. एका वेळी अनेक मंच, उभा श्रोता आणि मध्यंतर नावाची गोष्टच नाही. एका मंचावर शांतता असली तर दुसऱ्यावर ड्रम वाजत असतात. अशा ठिकाणी रांग तुटत नाही आणि ओसंडतही नाही, ती दिवसभर सारखी वाहते. खाणाराही फिरता, एका हातात मावेल तेच खाणार. रोल, बर्गर, मोमो. पिठलं-भाकरीला बूड टेकावं लागतं, म्हणून ती इथे चालत नाही.

फूड ट्रक या गर्दीसाठीच जन्माला आल्यासारखा वाटतो. शेफ रॉय चॉय आणि त्याच्या साथीदारांनी 2008 मध्ये लॉस एंजेलिसला ‘कोगी’ नावाची खाण्याची गाडी रस्त्यावर आणली, ती कुठे उभी आहे हे ट्विटरवर सांगायला सुरुवात केली आणि ही फॅशन जगभर गेली. आपल्याकडे तिला गाडी मिळाली ती घरची. 2005 मध्ये टाटांनी पुण्यातूनच आणलेला एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. बाजूचा पत्रा कापून वर उचलायची खिडकी करायची, आत तवा, फ्रायर, धुराडं, एकोणीस किलोचा सिलिंडर, आणि उभं राहायला जेमतेम दोन माणसांपुरती जागा. मैदानावर मंडप घालायचा नाही, ओटा बांधायचा नाही. शेवटचं गाणं झालं की खिडकी पाडून किल्ली फिरवायची. संयोजकांच्या डोक्याचा एक ताप कमी. गोम जनरेटरची. तो मंचापासून लांब आणि आवाज न करणारा लागतो, नाहीतर गिटारच्या सुरात त्याची घरघर मिसळते.

मग 2020 उजाडलं. सवाई तर 2009 मध्येही स्वाइन फ्लूमुळे हुकला होता, पण तेव्हा तो जानेवारीत तरी झाला. करोनाने सलग दोन डिसेंबर नेले. डिसेंबर 2022 मध्ये मुकुंदनगरला पुन्हा तंबोरे लागले, तेव्हा पुण्याने दोन वर्षांची भूक दोन्ही अर्थांनी भागवून घेतली.

दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडून काही शिकली तर बरं होईल. वीकेंडरसारख्या जलशात खाणं कार्यक्रमाचा भाग म्हणून आखलं जातं: वाटा, पाणी, कचरा, दिवे, सगळं आधी कागदावर येतं. शास्त्रीय मैफलींत ते अजून मंडपामागची सोय म्हणूनच उरलं आहे, त्यामुळे भुकेला श्रोता गायक रंगात आलेला असताना रांगेच्या धास्तीने उठतो. पत्रिकेत कलाकारांच्या नावांसोबत पंचवीस मिनिटांच्या मध्यंतराची नक्की वेळ छापा आणि ती पाळा. मग भैरवीआधी खुर्च्या वाजणार नाहीत आणि स्टॉलची संख्या कमी करा, ही अधूनमधून ऐकू येणारी मागणीही आपोआप मागे पडेल.