पवनचक्की बघणार की चालवणार?

चाळकेवाडीच्या पठारावर आम्ही गेलो फोटो काढायला. माझा रूममेट मात्र पवनचक्क्यांकडेच बघत बसला. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी हिंजवडीत कोडिंगची! घाट उतरताना म्हणाला, 'गेट देतोय.'

आयआयटी मुंबईत एनर्जी सिस्टिम्समध्ये एमटेक करता येतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकलवाल्यांनाही दार उघडं आहे. पण नुसती सोलर पॅनल बसवणं म्हणजे हे करिअर नव्हे बरं का! वारा पडला, ढग आले, तरी ग्रिड सांभाळायची कशी, वीज साठवायची कशी, खरा अभ्यास तिथं आहे. २०३०पर्यंत कोळसा-तेलाविना ५०० गिगावॅट क्षमतेचं देशाचं लक्ष्य आहे. म्हणजे इंजिनीअर लागणारच.

दोन वर्षं पगार नाही, फक्त स्कॉलरशिप. घरी अजून सांगितलेलं नाही. फॉर्म मात्र भरलाय. आणि मी? नवा रूममेट शोधतोय!